कागद आधी, रंग नंतर

प्रिय मुली,

तुझी वही वाचली. तू काढणार आहेस त्या स्टुडिओचं नाव, लोगो, रावपुऱ्यातला गाळा की फतेगंजातली खोली, धातूच्या प्लेटवरून चित्र छापायचा एचिंग प्रेस आताच घ्यायचा की थांबायचं, सगळं तू लिहिलं आहेस. काम सांगायला येणाऱ्या माणसाशी काय ठरवायचं, याची मात्र एक ओळही नाही. तू फाइन आर्ट्समध्ये शिकलीस, तुझा हात चांगला आहे, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून जे सांगायचंय तेच सांगतो: कागद आधी, रंग नंतर.

कॅफेची भिंत तू नुसत्या शब्दावर रंगवायला घेतलीस, असं तुझी आई म्हणाली. ‘ओळखीचे आहेत, काका.’ अगं, बडोद्यात सगळेच ओळखीचे असतात! ‘बेन, हिसाब पछी करीशुं’, हिशोब नंतर करू, असं म्हणणारा माणूस लबाडच असतो असं नाही. पण त्याच्या मनात एक रक्कम असते आणि तुझ्या मनात दुसरी.

एका नवरात्र मंडळासाठी मी पडदा रंगवला होता. वापर एका वर्षापुरता, हे कागदावर होतं. पुढच्या वर्षी माझेच मोर पासांवर आणि टी-शर्टांवर छापलेले दिसले. मी कागद दाखवला आणि पैसे घेतले. मंडळ चालवणारा माझा शाळेपासूनचा मित्र होता. तो नंतर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. ‘एवढ्यासाठी मैत्री घालवलीस’ असं घरचेही म्हणाले. मला ते कधीच पटलं नाही. मैत्री त्याने मोर छापले तेव्हाच गेली होती. आजही मी तेच करीन.

हा माझा हट्ट आहे असं समजू नकोस, कायदा बघ. 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 वाच. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्याचा पहिला कॉपीराइट चित्र काढायला सांगणाऱ्याकडे जातो. चित्र तुझं, हात तुझा, हक्क त्याचा. उद्या त्याने ती भिंत मेन्यूवर आणि कपांवर छापली तर कशाच्या जोरावर भांडशील? दोन ओळी पुरतात: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, आणि चित्र कुठे वापरता येईल. त्याखाली भिंतीचं माप, किती बदल फुकट, ॲडव्हान्स किती, उरलेली रक्कम कधी. दोघांच्या सह्या. मग ब्रश उचल.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, या आठवड्यातच करून टाक. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. नोंदणी असली की छोट्या उद्योगांसाठीच्या 2006च्या एमएसएमई कायद्याचा आधार मिळतो. काम करवून घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण काम कधी दिलं, कुणी घेतलं, हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो ना?

प्रेसचं विचारलंस. आता नको. राजा रविवर्म्याचं नाव तू वहीत दोनदा लिहिलंस, घराघरात स्वस्त छपाई पोचवायची म्हणून. चित्रांच्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील, प्रती काढाव्यात हे त्याला सुचवणाऱ्यांत आपल्या बडोद्याचेच एकेकाळचे दिवाण, टी. माधवराव होते. 1894 साली मुंबईत छापखाना निघाला, चित्रं देशभर गेली, आणि कर्जापायी तोच छापखाना विकावा लागला. एवढ्या मोठ्या नावाला यंत्राचा खर्च झेपला नाही. तू छोट्या आवृत्त्या काढ, प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि सही घाल, दुसऱ्याच्या प्रेसवर तासाने पैसे देऊन छाप. गाळाही वर्षभर थांबू दे.

राहिली तुझी मैत्रीण. ‘तिच्याशी कसला कागद?’ हे वाचून मी वही मिटून ठेवली होती. पैसे तू जास्त घालणार, ती बाजार बघणार, आणि लेखी काहीच नाही! 1932च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटले जातात, पैसे कुणीही किती का घातले असेनात. कोण किती घालणार, नाव कुणाचं, एक जण पुण्याला निघून गेली तर प्लेट्स आणि उरलेल्या प्रती कुणाकडे राहणार, हे दोघी बसून लिहा आणि सह्या करा. पहिली ऑर्डर घेण्याआधी. तिला वाईट वाटलं तर काकांनी सांगितलंय म्हण, आणि तिला घेऊन माझ्याकडे ये.

तुझा,
काका