ट्रकच्या बीएलएफ लॉगची सीएसव्ही केली, पण त्यात आरपीएम कुठेच दिसत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मासळीच्या ट्रकला लावलेल्या लॉगरमधल्या बीएलएफ फाइली कन्व्हर्टरने सीएसव्ही केल्या, आणि हाती आले नुसते हेक्स आकडे. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्यांचे असेच लॉग बघतो. चुकलं काहीच नाही, काम अर्धंच झालंय. या पाटीतली मासळी त्या पाटीत ओतलीत, निवडायची अजून राहिलीय.

लॉगरची फाइल बीएलएफ प्रकारची असो, एएससी असो की एमएफ४, अशा लॉगच्या आत कॅन बसवरच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांवरच्या) कच्च्या फ्रेमच, म्हणजे छोटे संदेशच असतात: वेळ, आयडी आणि साध्या कॅनवर जास्तीत जास्त आठ बाइट. कुठल्या बाइटचा अर्थ काय, हे लॉगमध्ये नसतं. ते डीबीसी फाइलमध्ये, म्हणजे सिग्नलांच्या शब्दकोशात असतं. ट्रकवर बहुतेक जे१९३९ हे अवजड गाड्यांचं मानक चालतं आणि त्यातले नेहमीचे सिग्नल ठरलेले आहेत, त्यामुळे कंपनीने डीबीसी दिली नाही तरी चार-पाच सिग्नलांपुरती स्वतः लिहिता येते. मोटारगाडी असती तर इतकं सोपं नसतं.

स्क्रिप्ट लिहायच्या आधी एक फ्रेम कागदावर सोडवा. पीजीएन (जे१९३९ मधला संदेशाचा क्रमांक) ६१४४४ मध्ये चौथा आणि पाचवा बाइट मिळून इंजिनचा वेग. समजा तिथे ६८ १३ आहे. खालचा बाइट आधी येतो, म्हणून वाचायचं १३६८ हेक्स, म्हणजे दशमानात ४९६८. एका एककाला ०.१२५ आरपीएम, म्हणून ६२१. गाडी न्यूट्रलला उभी असेल तर बरोबर वाटतं ना? आता तेच उलट वाचा: ६८१३ हेक्स म्हणजे २६६४३, आणि उत्तर ३३३०. डीबीसीत इंटेलच्या (खालचा बाइट आधी) जागी मोटोरोला (वरचा बाइट आधी) क्रम पडला की नेमकं हेच होतं. गंमत अशी की ३३३० हा आकडा वेडगळ दिसत नाही, आलेखात मुकाट्याने बसतो. म्हणून मी ड्रायव्हरला सांगतो, निघण्याआधी दोन मिनिटं गाडी न्यूट्रलला चालू ठेव आणि मीटरचा फोटो पाठव. (तो फोटोबरोबर बांगड्याचा भावही पाठवतो, ते वेगळं.)

दुसरा खड्डा कूलंटच्या तापमानाचा. पीजीएन ६५२६२, पहिला बाइट, त्यातून ४० वजा. सेन्सरकडे माहिती नसली की बाइट एफएफ येतो, म्हणजे २५५, आणि साधा डीकोडर बिनदिक्कत २१५ अंश लिहून मोकळा होतो. घाट चढताना इंजिन तापलं म्हणून मी एकदा मालकाला फोनसुद्धा केला होता! एका बाइटच्या सिग्नलात २५० च्या वरचं कच्चं मूल्य रिकामं धरा, सरासरी त्यानंतर.

पायथन येत असेल तर पायथन-कॅन ही लायब्ररी फाइल वाचते आणि कॅनटूल्स ही दुसरी डीबीसी लावते. पण कॅनटूल्स आयडी जसाच्या तसा जुळवतं, आणि जे१९३९ च्या आयडीत प्राधान्य आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही असतो. मास्क (आयडीतले कुठले बिट जुळवायचे ते सांगणारा आकडा) दिला नाही तर फ्रेम जुळतच नाहीत आणि तक्ता रिकामा येतो. एमएफ४ असेल तर थेट एएसएएमएमडीएफ ही लायब्ररी वापरा.

एक्सेलचा नाद सोडाच. त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. बसवर सेकंदाला नऊशे फ्रेम धरल्या तर गाडी रत्नागिरीबाहेरच्या हातखंब्याला पोचेपर्यंत शीट भरतं. डीकोड केलेलं पार्के प्रकारच्या फाइलींमध्ये ठेवा, प्रत्येक सिग्नलचा तक्ता वेगळा. आरपीएम सेकंदात अनेकदा येतो, तापमान साधारण सेकंदाला एकदा. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की तापमानाचे बहुतेक खाने रिकामे. जोडायचे तेव्हा पायथनच्या पांडाज लायब्ररीतल्या मर्ज-एझॉफने, म्हणजे जवळची वेळ बघून जोडा.

वेळेवरून आठवलं, लॉगरचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे का ते बघा. संध्याकाळी सहाला बंदरावरून सुटलेली गाडी माझ्या तक्त्यात दुपारी साडेबाराला सुटलेली असायची.

मूळ बीएलएफ मात्र पुसू नका. डीबीसीत पुढे चूक सापडली तर पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते. गाडी न्यूट्रलला असतानाची पीजीएन ६१४४४ ची एक फ्रेम आणि मीटरवरचा आकडा इथे खाली टाका, क्रम कुठला आहे ते बघून सांगतो.