गुडघे टेकायचे ते कुणापुढे?

प्रश्न: फादर, मी 36 वर्षांची आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या बातम्या वाचल्यापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाते, पण पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला जात नाही. पलीकडे बसलेला माणूसच कसा असेल कुणास ठाऊक. देवाशी थेट बोललं तर काय बिघडलं?

उत्तर: काही बिघडत नाही, रोज बोला. पण तुमचा राग देवावर नाही, आमच्यावर आहे, आणि तो रास्त आहे.

पापी माणसाच्या हातून मिळालेला संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा किंवा पापक्षमेसारखा विधी, खरा का? यावरून चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतली ख्रिस्तसभा दुभंगली होती. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या बिशपांचे संस्कार डोनाटिस्ट नावाचा गट मानत नव्हता. पुढे संत ऑगस्टीन यांनी उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा, देणाऱ्याचा नव्हे. धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकताना हे मी घोकलं होतं. आजही मला ते पटतं, पण ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला हे ऐकवायची माझी छाती होत नाही. गुन्हेगार फादरला गुपचूप दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत पाठवणारे बिशप विश्वास सांभाळत नव्हते, अब्रू सांभाळत होते. अमेरिकेत बॉस्टनमधल्या वृत्तपत्रानं 2002 मध्ये ते चव्हाट्यावर आणलं. अशा गुन्ह्याची माहिती वरिष्ठांना देणं धर्मगुरूंना बंधनकारक करणारा पोप फ्रान्सिस यांचा नियम आला 2019 मध्ये. मधली सतरा वर्षं मोजा.

पापनिवेदनाची गुप्तता ही वेगळी गोष्ट. तिथे ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला 1215 मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेनं जबर शिक्षा सांगितली होती आणि ते बंधन आजही आहे. म्हणून एखादं मूल तिथे स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल बोललं, तर मी त्याला सांगतो, "यात तुझं पाप काही नाही. बाहेर चल, हेच मला पुन्हा सांग." बाहेर सांगितलेलं मला पोलिसांपर्यंत नेता येतं.

मी पापनिवेदन ऐकतो त्या खोलीच्या दाराला आता काच आहे. आतलं दिसतं, ऐकू येत नाही. बसवली तेव्हा मला अपमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

आणखी एक कबुली. एका बाईंचं पापनिवेदन चालू असताना मी घड्याळाकडे पाहिलं. त्या वाक्य अर्धवट सोडून "बस, एवढंच" म्हणाल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. ते अर्धं वाक्य घेऊन मला दुसऱ्या फादरपुढे गुडघे टेकावे लागले. आम्हालाही जावंच लागतं. 2014 मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले होते.

तुम्ही ओळखीच्या फादरकडे जाऊ नका. जाळीआड बसायचं की समोरासमोर, हे तुम्ही ठरवा. सुरुवात पापांच्या यादीनं करायला हवी असंही नाही. "फादर, मला तुम्हा लोकांचा राग आलाय," इथून केलीत तरी चालेल. त्यावर ते घड्याळाकडे पाहू लागले, तर उठून दुसरे फादर शोधा.