ट्रॅक नंतर बघू, आधी एक्सलला आधार द्या

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही वडोदऱ्याच्या कारेलीबागेतले आठ-दहा जण. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घरात आलं तेव्हापासून मनात होतं, शेवटी सगळ्यांनी पैसे काढून एक जुनी आठ चाकी गाडी घेतली, जमिनीवर चालते आणि पाण्यावर तरंगते तसली. चिखलात चाकं जागच्या जागी फिरतात म्हणून रबरी ट्रॅक, म्हणजे सगळ्या चाकांवरून फिरणारे पट्टे, चढवायचेत. पण ट्रॅक बॉडीला घासतो, तर फॅब्रिकेशनवाला म्हणतो प्रत्येक चाकामागे ८ सेंमीचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारा तुकडा, टाकू, काम झालं. चालेल का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: नुसता स्पेसर टाकून नाही चालणार, आणि हे आत्ताच विचारलंत ते फार बरं केलंत. २५ फुटांवर धोक्याची पातळी असलेली नदी ३५ फुटांच्या वर गेली होती तेव्हा मीही इथेच होतो, त्यामुळे तुमची धडपड मला कळते. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो, कारण ही गाडी भर पाण्यात बंद पडली तर आत बसलेल्यांचं काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि आपल्या नदीत मगरी आहेत हेही आपण जाणतो.

या गाडीला स्प्रिंग, शॉकअब असं काही नसतं. कॅनडातली आर्गो १९६७ पासून निघतेय, तिच्यापासून बहुतेक सगळ्यांची रचना साधारण अशीच, चेनवर फिरणारे एक्सल, म्हणजे चाकाचे दांडे, टबच्या म्हणजे तरंगणाऱ्या बॉडीच्या भिंतीतून बाहेर येतात आणि त्याच्या टोकाला चाक. एक्सलला दोन बेअरिंग, एक आत चौकटीवर आणि एक भिंतीजवळ. भिंतीच्या बाहेर जेवढा एक्सल लोंबतो तेवढ्याला खालून काहीच आधार नाही. आता हिशोब करून बघा. गाडी माणसांसकट ८०० किलो धरली तर सपाट जमिनीवर एका चाकावर १०० किलो येतात. पण जमीन सपाट कुठे असते, एखाद्या बांधावर चढताना चारच चाकं टेकली की चाकामागे २०० झाले. भिंतीच्या बेअरिंगपासून चाकाचा मध्य १२ सेंमीवर असेल तर तिथे २४०० किलो-सेंमीचा बाक, म्हणजे एक्सल वाकवणारा जोर, पडतो, आणि ८ सेंमीचा स्पेसर टाकला की २० सेंमी झाले म्हणजे ४०००! वजन एक किलोनेही वाढलं नाही तरी ताण दीडपटीच्या वर गेला, आणि ट्रॅकचं स्वतःचं वजन मी अजून धरलेलंच नाही. तुमच्या गाडीवर पट्टीने मोजून हाच गुणाकार करा.

त्यात एक्सल फिरता असतो. खालची बाजू ताणली जाते, अर्ध्या फेऱ्यात तीच वर जाऊन दाबली जाते, आणि असं दर फेऱ्याला होत राहतं. म्हणून तो एका दणक्यात मोडत नाही, आधी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. मी स्वतः असा तुकडा हातात धरलाय. सिंधरोटला महीच्या पात्रात मित्राची सहा चाकी अशीच बसली होती, मागचं चाक ट्रॅकसकट आडवं झालं. मोडलेल्या एक्सलचं तोंड कापडाने पुसलं तर निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा, आणि उरलेला तुकडा खरबरीत चकचकीत दाणेदार. म्हणजे चीर कित्येक दिवस चालत होती, त्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा सुटला. आणि चीर सुरू कुठून झाली? एक्सल होता सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमी, बाजारात बेअरिंग मिळालं ३० चं, तर लेथवाल्याने एक्सलच टर्निंग करून ३० चा केला आणि जिथे स्टेप पडली तिथे चाकूसारखा कोपरा सोडला. बाकातली ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणजे पावणेदोन मिमी उतरवल्यावर १५ टक्क्यांच्या वर ताकद गेली, वर तो कोपरा. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण सव्वा इंची भोकाचं बेअरिंग मिळतं, यूसी २०६-२० नावाने मागायचं, बाहेरचा व्यास तोच ६२ मिमी. मानेजाला बेअरिंगचा कारखाना असलेल्या आपल्या गावात बेअरिंगसाठी एक्सल कापायची वेळ कुणावर येऊ नये.

तर करायचं काय. चाक जेवढं बाहेर नेलं तेवढंच बेअरिंगही बाहेर न्यायचं. जाड पाइपाचा तुकडा, एका टोकाला फ्लँज म्हणजे बोल्टांची भोकं असलेली चकती, दुसऱ्या टोकाला बेअरिंगचं घर, आणि हा पाइप एक्सलवर बाहीसारखा चढवून टबच्या भिंतीतून थेट आतल्या लोखंडी चौकटीला बोल्ट करायचा, नुसत्या प्लास्टिकच्या भिंतीला अजिबात नाही, भिंत पिळवटते आणि बोल्टाची भोकं लांबोळी होतात. बाहेरचं बेअरिंग ८ सेंमी पुढे गेलं की चाक पुन्हा १२ वर आलं, ताण पूर्वीइतकाच.

एक खबरदारी घ्या. एका एक्सलला तीन बेअरिंग झाली की ती एका रेषेत हवीत. ही बेअरिंगं थोडा तिरपेपणा सांभाळून घेतात पण एक वर एक खाली असलं तर नाही, मग एक्सल स्वतःशीच भांडतो आणि बेअरिंग गरम होतं. म्हणून सगळे बोल्ट आधी ढिले ठेवा, एक्सल आरपार घाला, हाताने फिरवा, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे कसत जा आणि दर वेळी पुन्हा फिरवून बघा. जिथे जड लागला तिथे थांबा आणि शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घाला.

आणि एका बाजूची चारही बाहेरची घरं एका पट्टीने जोडा, चाक आणि बॉडीच्या मधून जाईल अशी. ट्रॅक घट्ट असला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांकडे ओढले जातात, ती ओढ ही पट्टी घेते. तरी ट्रॅक तबल्यासारखा ताणू नका. टायरमधली हवा काढून ट्रॅक चढवायचा, मग चारही टायरमध्ये सारखी हवा भरून ताण आणायचा.

शेवटी फ्लँजखाली रबरी गॅस्केट आणि सीलंट, आणि पहिली चाचणी गुडघाभर पाण्याच्या तळ्यात, दोर बांधून, अर्धा तास. आत पाणी दिसलं तर बाहेर काढून शोधा. विश्वामित्रीत सरावाला उतरू नका, ही माझी हात जोडून विनंती.

प्रश्न: फौजेची एटोर गाडी पंजाबच्या २०२५ च्या पुरात पाहिली, तिला ट्रॅक का नाहीत?
– एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर: तिची चारच चाकं, पण माणसाच्या उंचीची आणि आत हवा अगदी कमी, त्यामुळे टायर स्वतःच पसरून जमिनीवर भरपूर जागा घेतो. छोट्या चाकांना ती जागा ट्रॅकमधून मिळवावी लागते, एवढाच फरक.

प्रश्न: आमच्या मत्स्यतलावावरच्या गाडीला कन्व्हेयर बेल्टचे घरगुती ट्रॅक आहेत, पट्ट्यांचे बोल्ट सारखे ढिले होतात आणि काही तर बेल्टमधून ओढून बाहेर येतात. स्टेनलेसचे टाकू का?
– एक वाचक, पादरा

उत्तर: स्टेनलेसने गंज थांबेल पण ओढून निघणं थांबणार नाही, कारण दोष बोल्टाच्या धातूत नाहीये, डोक्याखाली जागा कमी आहे म्हणून ते रबरात घुसतं. बेल्टच्या आतून प्रत्येक दोन बोल्टांना मिळून एक लोखंडी पट्टी द्या, कडा घासून गोल केलेली, म्हणजे दाब पसरेल. बोल्ट कॅरेज बोल्ट घ्या, गोल डोकं टायरकडे आणि नट बाहेर, उलटं बसवलेलं असलं तर टायर कापला जाईल, आजच बघून घ्या. पट्टीतलं भोक चौकोनी ठेवा म्हणजे बोल्टाची चौकोनी मान त्यात अडकून बोल्ट फिरणार नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, आणि एकदा काढलेला पुन्हा लावायचा नाही, आतलं नायलॉन सैल झालेलं असतं. स्टेनलेसच घ्यायचे असतील तर आट्यांना कॉपर पेस्ट लावा, नाहीतर नट अर्ध्यात जाम होतो आणि कापूनच काढावा लागतो. रबर दबतं म्हणून पहिल्या तासाभराच्या चालीनंतर सगळे एकदा पुन्हा कसा, आणि कसलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, कुठला फिरला ते लांबूनच दिसेल.