टेस्टर म्हणते क्रिटिकल, डेव्हलपर म्हणतो मायनर. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, किती गंभीर हे ठरवायचं कुणी?

'फक्त एक शून्य दिसत नाहीये' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं. रत्नागिरीकडच्या मच्छीमारांच्या ॲपमध्ये नेमका असाच बग होता. पाण्याखालच्या खडकांच्या जागा तांडेल (बोटीचे प्रमुख) त्यात नोंदवून ठेवायचे, जाळं अडकून फाटू नये म्हणून. 16°58.034′ ही जागा ॲप 16°58.34′ अशी दाखवायचं. दशांश भाग (.034) पूर्णांक म्हणून (34) साठवलेला आणि दाखवताना पुढची शून्यं भरून तीन अंकी केलेला नाही, एवढंच कारण. डेव्हलपरचा शेरा: मायनर, दिसण्यातला दोष.

आता हिशेब करा. अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण एक सागरी मैल, 1852 मीटर. इथे फरक 0.306 मिनिटाचा, म्हणजे खडक सुमारे 567 मीटर उत्तरेला सरकला. .099 चं .99 झालं तर चूक 1650 मीटर. .000 ते .999 या हजारातले 99 दशांश असे फसतात. रेखांशही धरला तर साधारण पाचातली एक जागा चुकीची.

नकाशावरचा ठिपका मात्र बरोबर पडायचा, कारण तो साठवलेल्या आकड्यांवरून काढला जायचा. म्हणून ऑफिसात बसून कुणाला काही दिसेना. बोटीवर ठिपका कोण पाठवतो? वायरलेसवर आकडे वाचून सांगतात, दुसरा तांडेल ते आपल्या जीपीएसमध्ये भरतो. एका तांडेलाला पाच मिनिटं विचारलं असतं तरी पुरलं असतं. ॲप बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान त्यावर कुणी विसंबलं नसतं.

तीव्रता म्हणजे नुकसान किती, प्राधान्य म्हणजे दुरुस्ती कधी. तक्रारी किती आल्या यावरून तीव्रता ठरवणं साफ चूक आहे. बगच्या नोंदीच्या शीर्षकात 'शून्य दिसत नाही' लिहिलंत तर मायनरच मिळेल. 'नोंदवलेली जागा उत्तरेला 1650 मीटरपर्यंत सरकते' असं लिहा आणि खाली .034, .099, .009 टाकून काय दिसतं ते द्या. दुरुस्तीनंतर 59.9996 मिनिटंही टाकून बघा. तीन दशांशांत त्याची 60.000 होतात, तिथे अंश एकने वाढायला हवा.

अंशाचं चिन्ह गळलं, रंग फिका दिसला, तर ते खरंच मायनर. तिथे डेव्हलपरचं ऐका.

आणि कोड सुधारला म्हणून तिकीट (बगची नोंद) बंद करू नका. वहीत 58.34 असे दोनच दशांश उतरवलेले असतील तर ते .034 आहेत हे ओळखता येतं, कारण .340 ॲप पूर्ण दाखवायचं. जीपीएसमध्ये भरल्यावर मात्र दोन्ही 58.340 च दिसतात. ॲपमधली मूळ नोंद सापडली नाही, तर त्या जागा पुन्हा समुद्रात जाऊनच तपासाव्या लागतात.