मध्य प्रदेशात इंदूरजवळ असलेल्या पाताळपाणी धबधब्याच्या कुंडात पूर्वी लोक पोहत असत का, आणि आता उतरावे का?

पूर्वी पोहत असत. आता मात्र उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. होळकर संस्थानाच्या काळात, १८७० च्या दशकात, खंडव्याहून इंदूरकडे मीटरगेज लोहमार्ग आला आणि महूच्या पुढे घाट उतरणाऱ्या गाडीने धबधब्याजवळच्या स्थानकापर्यंत जाणे सोपे झाले. इंदूरच्या मराठी कुटुंबांतही पावसाळी सहल म्हटली, की पुरी-भाजीचे डबे आणि पाताळपाणी हे ठरलेलेच असे.

धोका दिसतो त्याहून निराळा आहे. माळव्याच्या पठाराच्या कडेवरून चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला, की धबधब्यापाशी आकाश मोकळे असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येणे, ही त्याची पूर्वसूचना असते, पण तोवर निसरड्या काळ्या दगडांवरून काठ गाठायला वेळ उरलेला नसतो. १७ जुलै २०११ रोजी धबधब्याच्या माथ्यावर प्रवाहात अडकलेले एकाच कुटुंबातील लोक असेच वाहून गेले आणि त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. (त्या प्रसंगाची चित्रफीत पाहिलेला माणूस सहसा पुन्हा हा प्रश्न विचारत नाही.)

उन्हाळ्यात धार जवळजवळ आटते, तरी कुंडाची खोली आणि पाण्याखालचे खडक वरून समजत नाहीत. पोहण्याचीच हौस असेल तर इंदुरातील तरणतलाव बरा. धबधबा कठड्याआडून पाहावा.