वाचकांचे प्रश्न : कुशीवर झोपणारा मासा

प्रश्न : बाजारातून ‘लेप’ म्हणून चपटे, तपकिरी मासे आणले. सगळ्यांचे दोन्ही डोळे एकाच अंगाला आणि तोंड वाकडं. मासे सदोष आहेत का? खावेत का? — वाचक, जुळे सोलापूर

खुशाल खा, लेपाची ठेवणच तशी. पापलेटही चपटं, पण ते उभं पोहतं. पाकट वरून-खालून चपटं. ते पोटावर बसतं, डोळे वर आणि तोंड खाली. लेप मात्र कुशीवर झोपलेला मासा आहे. तुम्हाला जी त्याची पाठ वाटते ती डावी कूस, आणि पांढरं ‘पोट’ वाटतं ती उजवी.

अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखं उभं पोहतं, डोळा या बाजूला एक, त्या बाजूला एक. जेमतेम सेंटीमीटरभर वाढेपर्यंत उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो, कवटीची हाडं पिळली जातात आणि पिल्लू तळ गाठतं. पुढचं सगळं आयुष्य चिखलावर, अंगावर पातळ गाळ ओढून, डोळे तेवढे बाहेर ठेवून.

साफ करण्याआधी एकदा नीट पाहा. पाठीचा पर, शेपूट आणि खालचा पर यांची एकच सलग झालर झालेली असते. छातीचे पर नसतातच. नाकाडाचं टोक आकड्यासारखं तोंडावर वळलेलं असतं. नखाने जबडे चाचपले तर बारीक दात फक्त पांढऱ्या बाजूला लागतील. खाणं तिकडे, म्हणजे खाली गाळात असतं : समुद्री किडे, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, लहान शिंपले. वरच्या बाजूला दात असून उपयोग काय?

चपट्या माशाचं तोंड मोठं, दात अणकुचीदार आणि एक डोळा डोक्याच्या अगदी काठावर अडकलेला दिसला, तर तो लेप नव्हे, भाकस. त्याचे दोन्ही डोळे एखाद्या माशात डावीकडे असतात, तर एखाद्यात उजवीकडे. तो दुसरे मासे खातो आणि दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो.

प्रश्न : चिखलात राहणारा मासा, मग उजनीच्या चिलापीला कधी कधी येतो तसा मातकट वास लेपाला का येत नाही? — वाचक, मोहोळ

कारण तो वास मातीचा नसतोच. गोड्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. ते कल्ल्यांतून माशात शिरतं आणि चरबीत साठतं. पहिल्या पावसानंतर जो मृद्गंध येतो, तो याच द्रव्यामुळे. समुद्राच्या गाळात हा प्रकार सहसा होत नाही. चिलापीला वास असेल तर तुकडे चिंचेच्या कोळात किंवा ताकात अर्धा तास ठेवा; आंबटाने जिओस्मिन मोडतं. नुसतं पाण्याने कितीही धुतलं तरी ते जात नाही.

प्रश्न : शेततळ्यात मीठ टाकून लेप पाळता येईल का? — वाचक, बार्शी

नाही. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १० लाख लिटरच्या तळ्याला ३५ टन मीठ लागेल, म्हणजे ५० किलोची ७०० पोती. एवढं करूनही ते समुद्राचं पाणी होत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागतं. अस्तर फाटलं तर शेजारचं रानही खारवेल. मिठाविना गोड्या पाण्यात सोडलात तर लेपाचं शरीर उलट्या बाजूने फसतं. समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ टाकतो. तळ्यात तेच पाणी आत घुसत राहतं. त्या तळ्यात रोहू-कटलाच बरे.

प्रश्न : आखाडात मिळणारा लेप ताजा असतो का? आणि सोलायचा कसा? — वाचक, होटगी रस्ता

शंका रास्त आहे. जून-जुलैत राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि लेप मुख्यतः तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात येतो. तेव्हा त्या दिवसांतला माल बहुधा शीतगृहातला समजावा. एरवीही किनाऱ्यापासून इथवर बर्फातच प्रवास, त्यामुळे कल्ले धुऊन फिके पडतात. त्यांच्या रंगावर विसंबू नका. उलटून पांढरी बाजू पाहा. ती मोत्यासारखी हवी. झालरीलगत पिवळट छटा, डोक्यामागे बोट दाबल्यावर राहणारा खळगा, गढूळ चिकटा : यांतलं एक दिसलं तरी सोडून द्या.

वरची खवलं खरखरीत असतात, म्हणून खवलं काढत बसण्यापेक्षा कातडंच सोला. डोक्यामागे फक्त कातड्याला आडवी चीर द्या, बोटांना जाडं मीठ लावा आणि कातडं शेपटीकडे एका दमात ओढा. मीठ नसेल तर बोटं घसरतात. मासा अर्धवट गोठलेला असेल तर कातड्याबरोबर मांसही सुटतं, आधी पूर्ण वितळू द्या. दोन्ही कडांची झालर कात्रीने कापा. आतडी डोक्याजवळच्या इवल्याशा पोकळीत असतात, ती बोटानेच निघतात. पोट चिरत शेपटीपर्यंत जाऊ नका. मादी असेल तर गाभोळीच्या दोन लांबट पट्ट्या मागे मांसात गेलेल्या दिसतील. त्या चिरू नका, तव्यावर शेवटी टाका, लवकर शिजतात.