निवडणुकांवर संशोधन करणाऱ्या मुलीला प्राध्यापक होऊ द्यावं का?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, निवडणुकांवर पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. ‘अशोका विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं झालं तसं हिचं झालं तर? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्यायला सांगू का?’

नमस्कार. तुमची भीती खोटी नाही. अशोकातल्या सब्यसाची दास यांनी २०१९ च्या लोकसभेतल्या अटीतटीच्या लढतींत गैरप्रकाराची शक्यता दाखवणारा शोधनिबंध लिहिला, गदारोळ उठला, विद्यापीठाने हात झटकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्या राज्यघटनेत अध्यापन-संशोधनाच्या स्वातंत्र्याचं वेगळं कलम नाही, जर्मनीच्या आहे. आपल्याकडे भिस्त कलम १९ वर, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, आणि तेही मुख्यतः सरकारविरुद्ध. खासगी विद्यापीठात नेमणूकपत्र आणि सेवानियमच चालतात.

पण बातमीत न येणारी अडचण मला जास्त मोठी वाटते. जवळच्या एखाद्या सीनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसा. नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झालेली माणसं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, भेटतील. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही, नव्या वर्षी पुन्हा मुलाखत. वर्गात वादाचा विषय निघाला की असा माणूस ‘हे सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून पान उलटतो. त्याला नोटीस द्यावी लागत नाही. जूनमध्ये बोलावलं नाही की झालं. तोंड बंद ठेवायला एवढं पुरतं.

म्हणून मुलीला आधी जेआरएफच्या, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीच्या, मागे लावा. महिना ३७,००० रुपये मिळतात, संशोधनाची वर्षं कुणाच्या मेहेरबानीवर काढावी लागत नाहीत. गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विषयावर दबाव आला तेव्हा सर पाठीशी उभे राहिले का, एवढंच विचारा. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये बूथनिहाय मतं जाहीर असतात. तिने त्यावर काम करावं आणि प्रत्येक बेरीज दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मतदारसंख्येचे आकडे चुकल्यावर सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या संजय कुमार यांनी सोशल मीडियावरची पोस्ट हटवली, माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झालेच. सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली ती नंतर.

बँकेची परीक्षा तिला स्वतःला हवी असेल तर जरूर देऊ द्या, तुमच्या धास्तीपायी नको. आणि प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली की जागा मंजूर, अनुदानित आणि पूर्णवेळ आहे का, ते अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या.